कच्चं जपावं, पक्कं वाटावं

(दादासाहेब फाळके यांच्या स्मृतिदिनानिमित्त पांढुर्णा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब फाळके गेले. त्यांचं नाव निघालं की आपल्याला १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. मला मात्र आज त्याच्या आधीचे फाळके आठवतात. गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवणारे फाळके. तीन रंगांची छपाई शिकण्यासाठी १९०९ साली जर्मनी गाठणारे फाळके. आणि १९१२ साली कुंडीत वाटाण्याचं बी पेरून, त्याच्यासमोर कॅमेरा लावून, रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभराहून अधिक काळ वाट पाहणारे फाळके. ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटाभराची फिल्म त्यातून झाली, आणि ती दाखवूनच त्यांना पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळालं.

पण ती फिल्म कॅमेऱ्यातून निघाली तेव्हा तिच्यावर डोळ्यांना दिसेल असं काहीच नव्हतं. ती अंधाऱ्या खोलीत रसायनात धुवावी लागे, मग वाळवावी लागे, मग तिच्यावरून दाखवायची प्रत काढावी लागे. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतलं. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, रसायनं मिसळणं, अंधारात फिल्म धुणं, ही सगळी कामं स्वयंपाकघर सांभाळून त्या करत. भारतीय सिनेमाचं पहिलं पाऊल जितकं कॅमेऱ्यामागच्या हातांचं, तितकंच अंधाऱ्या खोलीतल्या त्या हातांचं आहे. आजचं माझं बोलणं त्या दुसऱ्या हातांविषयी आहे.

फोटोचं अर्धं काम बटण दाबल्यावर सुरू होतं. पूर्वी त्याला आपण ‘फोटो धुणं’ म्हणायचो. रोल धुवायला टाकला, निगेटिव्ह जपून ठेवल्या, असं घराघरांत बोललं जायचं. आता रोल गेला आणि तो शब्दही गेला. पण काम संपलेलं नाही. कॅमेऱ्याची कच्ची फाईल, जिला जगभर रॉ म्हणतात, ती उघडून तिच्यापासून सगळ्यांना पाहता येईल असा फोटो करणं, हेच आजचं फोटो धुणं आहे.

ते का करायचं, हे मी एका घरगुती गोष्टीनं सांगतो. माझ्या बाबांचा एक फोटो मी काढला होता. सौंसरकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात मृग बहाराचा तोडा चालला होता. माथ्यावर ऊन, बाबांच्या डोक्यावर धुतलेली पांढरी टोपी, हातात फांदीसकट दोन संत्री. मी कॅमेऱ्यावर रॉ फोटो काढला, घाईघाईत त्याची एक लहान प्रत करून घरच्या ग्रुपवर टाकली, आणि पुढच्या लग्नाच्या कामासाठी कार्ड कोरं केलं. दोन वर्षांनी बाबा गेले. तेरवीला तोच फोटो बारा बाय अठरा इंचाच्या फ्रेममध्ये लावायचा सगळ्यांचा आग्रह होता. ग्रुपवरच्या प्रतीत लांबीला १६०० पिक्सेल उरले होते. अठरा इंचांवर पसरले तर एका इंचाला नव्वदसुद्धा नाहीत. चांगल्या छपाईला तीनशे लागतात. गालावर चौकोन चौकोन दिसले. आणि टोपीच्या सावलीत, जिथं बाबांचे डोळे होते, तिथं नुसता काळा पट्टा होता. त्या दिवशी भिंतीवर फोटो लागला, पण बाबा आमच्याकडे पाहत नव्हते.

कच्च्या फाईलमध्ये ते डोळे होते. ती फाईल मीच पुसली होती. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हे सांगत आलो आहे: कच्चं जपा, पक्कं वाटा.

कच्चं आणि पक्कं

आपण कापसाच्या मुलखातली माणसं. वेचलेला कापूस जिनिंगमध्ये गेला की सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. एका क्विंटल कापसातून साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई हाती येते. रुईचं सूत होतं, सुताचं कापड, कापडाचा सदरा. सदरा अंगात घालता येतो, पाहुण्याला देता येतो. पण सदऱ्याचा पुन्हा कापूस होत नाही.

रॉ फाईल म्हणजे वेचून आणलेला कापूस. जेपेग म्हणजे शिवलेला सदरा. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाईल साधारण पंचवीस-तीस एमबीची असते, आणि तिच्यापासून केलेला पूर्ण आकाराचा चांगला जेपेग आठ-दहा एमबीचा. म्हणजे इथंही जवळपास तिसरा हिस्साच उरतो. फरक एवढाच की जिनिंगमधली सरकी तेलाला, ढेपेला कामी येते. जेपेग करताना जे वगळलं जातं, ते कायमचं जातं.

काय वगळलं जातं, ते थोडं समजून घेऊ. कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर म्हणजे कोट्यवधी बारीक कप्पे. प्रत्येक कप्पा आपल्यावर किती उजेड पडला एवढंच मोजतो. त्याला रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक कप्प्यावर लाल, हिरवी किंवा निळी इवलीशी काच बसवलेली असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची. १९७६ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. चार काचांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी, कारण माणसाची नजर उजेडातला बारकावा हिरव्यात सर्वांत जास्त टिपते. फाळके जी तीन रंगांची छपाई शिकायला गेले, तिच्यातही तीन रंगांच्या काचांतून तीन वेगळी चित्रं घेऊन त्यांचे ब्लॉक करत. शंभर वर्षांत यंत्र बदललं, विचार तोच राहिला.

रॉ फाईलमध्ये हे आकडे जवळजवळ जसे मोजले तसे असतात. चौदा बिटांच्या फाईलमध्ये एका कप्प्याला गडद काळ्यापासून लख्ख पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या मिळतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. टोपीखालच्या सावलीत रॉ फाईलला शेकडो पायऱ्या दिसत असतात. जेपेगमध्ये त्यांतल्या मोजक्याच येतात, आणि त्याही कोणत्या, हे ठरवावं लागतं.

जेपेग हा काही शत्रू नाही, हेही सांगायला हवं. तो नसता तर गावोगावी फोटो पोचलेच नसते. १९९२ साली हे मानक ठरलं. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करायचे, आणि त्यातले जे बारीक चढउतार डोळ्याला फारसे जाणवत नाहीत ते गाळायचे, ही त्याची रीत. तिच्या मुळाशी असलेलं गणित बंगळुरूला जन्मलेले नासिर अहमद यांचं. अमेरिकेत शिकवत असताना त्यांनी या कल्पनेसाठी अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. तरी त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत काम पुरं करून १९७४ साली ते प्रसिद्ध केलं. आज आपल्या मोबाइलमधल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत त्यांची मेहनत आहे. सदरा उत्तमच आहे. फक्त तो कुणाच्या मापाचा शिवला, हे आपण पाहिलं पाहिजे.

निवाडा कुणी करायचा?

तुम्ही कॅमेऱ्याला थेट जेपेग काढायला सांगितलं की काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हा निवाडा कॅमेरा करतो. कारखान्यात कुणीतरी ठरवलेली पाककृती त्याच्या पोटात असते: कातडीचा रंग कसा असावा, सावली किती गडद असावी, लाल किती लाल असावा. बऱ्याच वेळा ती छान जमते. पण आपल्याकडचं ऊन, आपले चेहरे आणि आपले रंग तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर होतेच असं नाही.

याचा इतिहास आहे. कोडॅकच्या रंगीत फोटोंच्या काळात छपाईचे रंग जुळवायला प्रयोगशाळांना एक नमुन्याचं कार्ड मिळे. त्यावर गोऱ्या कातडीच्या तरुणीचा फोटो असे. त्या कार्डांना ‘शर्ली कार्ड’ असं नावच पडलं. तिचा चेहरा बरोबर आला की यंत्र बरोबर, असा तो हिशोब. सावळी, काळी माणसं त्या हिशोबात वर्षानुवर्षं अंधारी उमटत राहिली.

आता आपल्या पोळ्याचा विचार करा. झूल घातलेला पांढराशुभ्र बैल, शेजारी काळा बैल, मध्ये उन्हात रापलेला शेतकरी, वर भादव्याच्या तोंडावरचं ढगाळ आभाळ. कॅमेरा पांढऱ्या बैलाकडे पाहून सगळं अंधारतो आणि शेतकऱ्याचा चेहरा बुडतो. किंवा काळ्या बैलाकडे पाहून उजळतो आणि आभाळ जळतं. वेशीवरच्या मारुतीचं घ्या. शेंदूर इतका तीव्र असतो की जेपेगमध्ये लाल रंग पार टोकाला जाऊन आदळतो, आणि मूर्तीचे नाक, डोळे, खांदे सगळे मिळून एक सपाट लाल गोळा होतो. रॉ फाईलमधून तोच मारुती जपून काढला तर शेंदराच्या थरांमधल्या घड्याही दिसतात. जामसावळीच्या निद्रिस्त हनुमंतासमोर हात जोडून आलेल्या म्हाताऱ्या माउलीच्या चेहऱ्यावरचा समईचा उजेड पिवळा ठेवायचा की पांढरा करायचा, हे परदेशातल्या कारखान्यानं का ठरवावं? तिथं जो उभा होता त्यानं ठरवावं.

हातांनी करायचं काम

आता तरुण मित्रांसाठी प्रत्यक्ष कृती सांगतो. यात अवघड काही नाही. सवय लागते.

पहिलं, कॅमेऱ्याच्या मेनूत ‘रॉ अधिक जेपेग’ हा पर्याय निवडा. शिकेपर्यंत दोन्ही हाताशी असू द्या. निकॉनची कच्ची फाईल एनईएफ नावानं दिसेल, कॅननची सीआर-टू किंवा सीआर-थ्री, सोनीची एआरडब्ल्यू. बऱ्याच मोबाइलमध्येही ‘प्रो’ मोडवर डीएनजी नावाची कच्ची फाईल मिळते. या फाईलचं नाव बदलून शेवटी ‘जेपीजी’ लिहिलं की फोटो झाला, असं अनेकांना वाटतं. पोत्यावर ‘सदरा’ लिहिल्यानं कापसाचा सदरा होत नाही. संगणकावर रॉ फाईलचं जे छोटं चित्र दिसतं, ते फाईलच्या आत कॅमेऱ्यानं आधीच ठेवलेलं जेपेग असतं. त्याचा स्क्रीनशॉट घेणं म्हणजेही फोटो धुणं नव्हे.

दुसरं, कार्डावरच्या फाईली आधी संगणकावर उतरवा, मग वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत करा, आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड कोरं करू नका. फोल्डरचं नाव वर्ष, महिना, तारीख, प्रसंग आणि गाव असं ठेवा. दहा वर्षांनी हेच नाव तुम्हाला वाट दाखवेल.

तिसरं, सॉफ्टवेअर. पैसे नसतील तरी अडणार नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही उत्तम सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहेत. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल त्या त्या कॅमेऱ्यासाठी विनामूल्य मिळतात. लाइटरूम पैसे देऊन घ्यावं लागतं. १९९७ पासून डेव्ह कॉफिन या अमेरिकन प्रोग्रामरनं निरनिराळ्या कंपन्यांच्या बंद कच्च्या फाईली एकट्यानं उलगडून वाचल्या आणि आपलं काम जगाला खुलं केलं. पुढच्या अनेकांनी त्यावर इमारत उभी केली. शिकणाऱ्यानं हे ऋण लक्षात ठेवावं.

चौथं, कामाचा क्रम. आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग. साध्या पिवळ्या बल्बचा उजेड तीन हजार केल्विनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचा साडेपाच हजारांच्या, आणि मोकळ्या आभाळाखालच्या सावलीचा सात हजारांच्या वर असतो. फ्रेममध्ये पांढरी टोपी किंवा धोतर असेल तर त्यावरून हा रंग जुळवता येतो. मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजेड. आधी चेहरा नीट दिसू द्या. मग हायलाइट खाली ओढून टोपीची वीण आणि आभाळातले ढग परत आणा, शॅडो थोडे वर करून डोळे उघडा. थोडेच. सावली पार पुसली तर दुपारचं ऊन खोटं वाटतं. मग रंग, मग तिरपं क्षितिज सरळ करणं आणि क्रॉप, मग अंधारात आलेला रवाळपणा कमी करणं. फोटोला धार देण्याचं काम सगळ्यात शेवटी.

हे सगळं करताना मूळ फाईलला धक्का लागत नाही. डार्कटेबल तुमचे फेरबदल शेजारी एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवतं. निगेटिव्ह तीच, प्रती हव्या तितक्या. चार वर्षांनी तुमची नजर पिकली की त्याच कच्च्या फाईलपासून आणखी चांगला फोटो काढता येतो. एकदा शिवलेल्या जेपेगला पुन्हा पुन्हा उसवून शिवू नका. दर वेळी बदल करून सेव्ह केलं की थोडा बारकावा झडतो. बदल करायचा असेल तर परत कच्च्याकडे जा.

पाचवं, एक्सपोर्ट. हाच खरा वाटपाचा क्षण. मोबाइलवर पाहण्यासाठी जेपेग, रंगांसाठी एसआरजीबी, दर्जा पंच्याऐंशी ते नव्वद, आणि लांब बाजू २०४८ पिक्सेल, एवढं पुरेसं आहे. एसआरजीबी निवडायला विसरू नका, नाहीतर तुमच्या पडद्यावरचं रसरशीत संत्रं दुसऱ्याच्या मोबाइलवर फिकं पडेल. छपाईसाठी इंचाला तीनशे पिक्सेल धरा: सहा बाय चारला १८०० बाय १२००, आणि बारा बाय अठराला ३६०० बाय ५४००. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत ६००० बाय ४००० असतात, म्हणजे घरातल्या भिंतीसाठी ते भरपूर झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण आकाराची फाईल द्यायची असेल तर ती फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि एक काळजी. फोटोच्या फाईलमध्ये तारीख, कॅमेरा यांच्यासोबत कधी कधी जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. कुणाचं घर, कुणाचा बगीचा, कुणाची लहान मुलगी त्या फोटोत असेल, तर वाटायच्या प्रतीतून ती माहिती काढून टाका. एक्सपोर्ट करताना तसा पर्याय असतो.

आपलं दफ्तर आपण लिहावं

एवढा खटाटोप पांढुर्णा-सौंसरच्या माणसानं का करावा? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात दोन्ही, असं आपलं जगणं घडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, आणि पांढुर्णा, सौंसर हे तालुके त्यात आले. या नव्या जिल्ह्याचं चित्रांचं दफ्तर कुठं आहे?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन काठांमधली दगडफेक, होते. पात्रात पळसाच्या झाडावर झेंडा, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. त्या एका दिवशी बाहेरचे कॅमेरे येतात आणि दगड व रक्त घेऊन जातात. तेही खरंच आहे. माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत, ते झाकू नये. पण त्याच दिवशी आपल्या गल्ल्यांत पोरं लाकडी नंदी सजवून तान्हा पोळा करतात. वर्षाचे उरलेले दिवस संत्र्याच्या बगीच्यांचे, कापसाच्या गंज्यांचे, मंडीतल्या लिलावांचे, बोरगावच्या कापडगिरणीत पाळीला जाणाऱ्या माणसांचे, कन्हानच्या काठाचे आहेत. ते दिवस टिपायला बाहेरून कुणी येणार नाही. ते आपण टिपायचे, आपणच धुवायचे, आणि आपल्याच अक्षरात त्यांच्यावर नावं लिहायची. फाईलमध्ये मथळ्याची जागा असते. तिथं देवनागरीत लिहिता येतं: कोण, कुठं, केव्हा, काय करताना. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांत अनोळखी होतो.

मंडीत आपण कच्ची पावती आणि पक्की पावती म्हणतो. पक्की हातात आली की कच्ची फाडून टाकायची, ही तिथली रीत. फोटोच्या बाबतीत ही रीत सोडा. इथं पक्की प्रत जगात फिरते, दाबली जाते, लहान होत जाते. हिशोब पुन्हा मांडायचा झाला तर कच्चीच कामी येते.

एक काम देऊन थांबतो. आज घरी गेल्यावर घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला दारातल्या उजेडात बसवा. रॉवर एकच फोटो काढा. त्याच्या दोन प्रती ठेवा. मग संगणकापुढं शांतपणे बसा आणि शॅडोचा स्लायडर हळूहळू वर न्या. डोळे दिसू लागले की थांबा. माझ्या बाबांच्या बाबतीत मला ते करता आलं नाही. तुमच्या घरात ते डोळे अजून आहेत.